३९० ड्यूक: पिकअपसाठी चेन-स्प्रॉकेटचं काम, तारीखवार नोंदी

गाडी २०१८ची केटीएम ३९० ड्यूक मोटरसायकल, बीएस४ (त्या वेळच्या प्रदूषण नियमांतली), टीएफटी (रंगीत स्क्रीन) मीटरवाली. ओडोमीटर ४१ हजारांच्या पुढे. आठवडाभर कोथरूड ते हिंजवडी, सुट्टीला ताम्हिणी नाहीतर वाई-पाचगणी. दोन तक्रारी आहेत. गर्दीत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला तीन हजार आरपीएमच्या खाली गाडी धक्के देते. आणि घाटात वळणातून बाहेर पडताना दुसरा गिअर ओरडतो, तिसरा ओढत नाही. खर्चाची मर्यादा ३० हजार. ज्यांना हेच काम करायचंय त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय.

२९ सप्टेंबर २०२४

ज्याला विचारलं त्याने पहिलं नाव सायलेन्सरचं घेतलं, दुसरं रिमॅपचं (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली इंधनाची सेटिंग बदलायची). मला ते पटत नाही. कारण माझी अडचण वरच्या आरपीएमला नाहीच. ३७३ सीसीचं हे एकच सिलिंडर, बोअर ८९ मिमी आणि स्ट्रोक फक्त ६०. ४३.५ पीएसची ताकद नऊ हजारांवर येते, ३७ एनएमचा टॉर्क सात हजारांवर. असं इंजिन खालच्या आरपीएमला रेटलं की ठोके देणारच. मला ताकद वाढवायची नाही, आहे ती ताकद रस्त्यावर लवकर मिळायला हवी. हा प्रश्न गिअरिंगचा आहे.

आधी कागदावर मांडणी केली. मॅन्युअलमध्ये दात्यांचे आकडे आहेत: प्रायमरी (इंजिन ते क्लच) ३०:८०, पहिला गिअर १२:३२, दुसरा १४:२६, तिसरा १९:२७, सहावा २५:२१, आणि शेवटी चेनचं १५:४५, म्हणजे पुढच्या स्प्रॉकेटला (चेनच्या दातेरी चाकाला) १५ दाते, मागच्याला ४५. मागचा टायर १५०/६० आर१७, त्याचा घेर साधारण १.९२ मीटर. यावरून स्टॉक (कंपनीतून आली तशी) गाडी तीन हजारांवर दुसऱ्या गिअरला ताशी २३ किमी जाते, तिसऱ्याला ३०. हिंजवडीच्या रस्त्यावर सकाळी नेमका २० ते २८चा वेग असतो. म्हणजे रोजचा सगळा प्रवास इंजिनाला न आवडणाऱ्या पट्ट्यातच होतो.

पुढे १४ दात्यांचं स्प्रॉकेट टाकलं तर तिसऱ्याचे ३०चे २८ होतात, दुसऱ्याचे २३चे पावणेबावीस. कागदावर फरक लहान दिसतो, पण प्रत्येक गिअरला मागच्या चाकावरचा टॉर्क सात टक्क्यांनी वाढतो. एवढी वाढ नुसत्या सायलेन्सरने मिळणार नाही, आणि स्प्रॉकेट हजाराच्या आत येतं.

एक नियम ठरवला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या की फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही.

५ ऑक्टोबर

काही विकत घेण्याआधी आहे ते तपासायचं म्हणून पॅडॉक स्टँडवर घेऊन मागचं चाक काढलं. आजचा दिवस यातच गेला, पण सगळ्या कामातला सर्वात मोलाचा दिवस हाच.

स्प्रॉकेट कॅरिअर (मागचं स्प्रॉकेट ज्यावर बसतं तो भाग) चाकाच्या हबमधून हाताने ओढला तर सहज निघून आला. तो असा निघायला नको, रबरांनी घट्ट धरून ठेवायला हवा. आत हब रबरांच्या कडेला काळी भुकटी साचलेली. रबर बोटाने दाबलं तर कडक, आणि ज्या बाजूला इंजिनाचा रेटा येतो तिथे पाकळी चेपून पातळ झालेली. कॅरिअर परत बसवून स्प्रॉकेट हाताने पुढेमागे केलं तर चाक न हलता बोटाच्या पेराएवढा मोकळा खेळ. थ्रॉटल मिटून पुन्हा उघडला की बसणारा ‘ठक्’ इथून येत होता. मग कॅरिअरचा बेअरिंग फिरवला. गुळगुळीत फिरायच्या ऐवजी बोटाला वाळू लागल्यासारखी खरखर.

बेअरिंग का गेला तेही समजलं. मागच्या सर्व्हिसला चेन ताणून बसवली होती. या गाडीला चेन स्लायडरच्या (चेन घासू नये म्हणून तिच्याखाली लावलेल्या पट्टीच्या) मागच्या टोकाशी चेन वर ओढून ५ ते ७ मिमीचा ढिलेपणा लागतो, खालची बाजू ताणलेली ठेवून. माझ्या चेनला एका ठिकाणी ६ मिमी मिळत होते आणि चाक अर्धा फेरा फिरवल्यावर जवळजवळ शून्य. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे ती सगळ्यात ताठ असेल तिथे माप घ्यायचं. ढिल्या जागी माप घेऊन ताणली की ताठ जागेचा सगळा भार बेअरिंगवर आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टवर जातो.

चेनही मोजली. खालच्या बाजूला साधारण १५ किलोचा भार लटकवायचा आणि १८ रोलरचं अंतर घ्यायचं. नव्या चेनचं २७० मिमीच्या किंचित आत भरतं, २७२ला चेन बाद. माझं २७१ भरलं. म्हणजे थोडं आयुष्य शिल्लक आहे.

हब रबरांचा सेट ७२० रुपये, बेअरिंग ३८०.

१२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी झेंडूची माळ घालून पूजा, मग चक्कर. आज गाडीत फक्त नवी रबरं आणि नवा बेअरिंग आहे, स्प्रॉकेट जुनंच. गर्दीतला धक्का सरळ निम्मा झाला. ‘ठक्’ पूर्ण गेला. ११०० रुपयांत एवढा फरक पडला आणि गाडीच्या ताकदीला कुणी हातही लावलेला नाही. चाळीस हजारांच्या आसपासची ड्यूक असेल तर मॉडिफिकेशनची यादी करण्याआधी मागचं चाक काढून हे एकदा बघाच.

तीन हजारांच्या खालची कुरकुर मात्र आहे. ती इंजिनाची आहे, रबरांनी जाणार नाही.

१९ ऑक्टोबर

१४ दात्यांचं पुढचं स्प्रॉकेट आलं, ८५० रुपये. जुन्या चेनवर नवं स्प्रॉकेट लावू नये हे खरं, ते लवकर झिजतं. पण ही चेन तशीही काही महिन्यांची पाहुणी आहे, आणि हे रेशो (पुढच्या-मागच्या दात्यांचं गुणोत्तर) मला आवडतं का एवढंच आत्ता बघायचंय. मागचं मोठं स्प्रॉकेट आणि नवी चेन घेऊन प्रयोग करायचा तर दहा हजार आधीच अडकतात.

स्प्रॉकेटच्या कव्हरमागे चेन ल्यूब, माती आणि डांबर यांचा बोटभर जाड लगदा होता. केरोसीन आणि मऊ ब्रशने साफ केला. एक्स-रिंगच्या चेनला तारेचा ब्रश आणि पेट्रोल लावू नये, रिंगा खराब होतात आणि आतलं ग्रीस निघून जातं. पुढचं स्प्रॉकेट सोडवायचं ते चेन चढवलेली असतानाच, कुणाला तरी मागचा ब्रेक दाबायला सांगून. चेन काढल्यावर शाफ्ट धरायला काहीच उरत नाही.

एक दाता कमी झाला की चेन अर्ध्या कडीने सैल होते. त्यामुळे अॅक्सल साडेतीन-चार मिमी मागे घ्यावा लागला. स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) रेषांवर विश्वास ठेवला नाही. दोन्ही बाजूंनी स्विंगआर्मच्या बोल्टच्या मध्यापासून अॅक्सलच्या मध्यापर्यंत मोजलं. रेषा सारख्या दिसत असताना प्रत्यक्षात दीड मिमीचा फरक निघाला. चाक एवढं तिरकं राहिलं तरी स्प्रॉकेटचे दाते एकाच बाजूने खाल्ले जातात.

२७ ऑक्टोबर

आठवडाभर ऑफिसला हीच गाडी नेली. चांदणी चौक ते वाकड ज्या रांगेत मी पूर्वी सतत क्लच दाबून असायचो, तिथे आता दुसऱ्या गिअरला थ्रॉटलवरच गाडी सरकते. पहिल्या गिअरमधून मात्र फार लवकर दुसरा टाकावा लागतो. सिग्नल सुटला की टिक-टिक असे दोन गिअर लागोपाठ जातात. मला चालतं, पण ज्याला गिअर बदलायचा कंटाळा आहे त्याने विचार करावा.

स्पीडोमीटर फोनच्या जीपीएसशी ताडून पाहिला. आधी जेवढा जास्त दाखवायचा तेवढाच आजही दाखवतो. या गाडीत वेग चाकावरून मोजला जातो, म्हणून स्प्रॉकेट बदललं तरी मीटर चुकत नाही. ज्या गाड्यांत सेन्सर गिअरबॉक्सवर असतो तिथे मीटर जास्त वेग दाखवू लागेल आणि ओडोमीटरही जास्त पळेल. आपल्या गाडीचं आधी तपासा.

१० नोव्हेंबर

दिवाळी आटोपल्यावर खरी परीक्षा. पहाटे निघून खंबाटकी चढलो, सुरूर फाट्यावरून वाई, तिथून पसरणी घाट.

घाटाबद्दल लिहावं तेवढं थोडं. पसरणीच्या वळणांना तिसरा गिअर अगदी हवा तिथे येतो. पूर्वी वळणात शिरताना दुसरा टाकावा लागायचा. इंजिन ब्रेकिंग एवढं यायचं की गाडी पुढच्या चाकावर झुके, आणि बाहेर पडताना थ्रॉटल उघडला की पुन्हा झटका. आता तिसऱ्यातच आत जायचं, तिसऱ्यातच बाहेर यायचं. गाडी एका लयीत राहते, ब्रेक कमी लागतात, आणि डोळे मीटरवरून उठून रस्त्यावर राहतात. घाटात वेग वाढला की नाही ते मी पाहिलं नाही, पाहायचंही नाही. त्या रस्त्यावर समोरून एसटी येते, कठड्यावर माकडं बसलेली असतात. वळण किती निवांत घेता येतं हेच माझ्यासाठी मोजमाप आहे.

हायवेवर याची किंमत मोजावी लागते. सहाव्या गिअरला १०० किमीवर स्टॉक गाडी ५,८०० आरपीएमच्या आसपास असायची, आता ६,२५० दाखवते. तासभर सलग चालवली की फूटपेगमधून पायांना मुंग्या येतात. ८५-९०वर ठेवली तर त्रास नाही. ज्याला दर महिन्याला पुणे-बेंगळुरू करायचंय त्याने १४ दात्यांच्या वाटेला जाऊ नये. माझं हायवेचं काम सुरूर फाट्यापर्यंतच असतं.

१७ नोव्हेंबर

गाडी डायनोवर (चाकावरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) घेतली, १,८०० रुपये. मागच्या चाकावर ३८ बीएचपी भरली. सहा वर्षांच्या गाडीला हे उत्तम आहे, इंजिन सुदृढ आहे.

तिथल्या मुलाने विचारलं, “दादा, १४चं टाकून पॉवर वाढली का?” वाढत नाही. स्प्रॉकेटने चाकाचा जोर वाढतो, पण तेवढाच वेग कमी होतो. गुणाकार तोच राहतो. म्हणून डायनोचा आकडा बघून मॉडिफिकेशन निवडणं माझ्यासारख्या वापराला उपयोगाचं नाही. तो आकडा नऊ हजारांवरचा आहे. मी दिवसभर तीन ते सहा हजारांत असतो.

हवा-इंधनाचा आलेखही काढून घेतला. खालच्या पट्ट्यात मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, बीएस४च्या नियमांसाठी ते तसं ठेवलेलंच असतं. उरलेली कुरकुर तिथली.

२४ नोव्हेंबर

मग रिमॅप करायचा का? पिगीबॅक ईसीयूची (इंजिनाच्या मूळ कॉम्प्युटरला जोडायच्या जादा डब्याची) चौकशी केली. बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचं पॉवरट्रॉनिक या गाडीला मिळतं, कंपनीच्या वायरिंगच्या कपलरमध्ये मध्ये बसतं, काही कापावं लागत नाही. पण ट्यूनिंग धरून माझं सगळं बजेट त्यातच संपलं असतं. रबरं आणि १४ दाते यांनी तक्रारीचा मोठा भाग गेला असताना उरलेल्या थोड्यासाठी एवढे पैसे घालायची माझी तयारी नाही. शिवाय मिश्रणातलं इंधन वाढवलं की पीयूसीची काळजी वेगळी. हा विषय बंद.

सायलेन्सरचं उत्तर त्याहून सोपं आहे. नुसता मागचा कॅन (सायलेन्सरचा डबा) बदलला तर मिळतो तो फक्त आवाज. पूर्ण सिस्टीम बदलली तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही (धूर स्वच्छ करणारा भाग) जातो, मग रिमॅप करावाच लागतो. एकातून दुसरा खर्च उभा राहतो. आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर रस्त्यावर बेकायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)खाली पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड किंवा कैद, शिवाय लायसन्स तीन महिने बाद. मूळ बनावटीत फेरफार करण्यावर कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याचा अर्थ कडकच लावला. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोलरखाली चिरडल्याचे फोटो आपण सगळ्यांनीच पेपरात पाहिलेत. पण दंड नसता तरी मी तो लावला नसता. आमच्या सोसायटीत रात्री साडेदहाला झोपणारी लहान मुलं आहेत.

एअर फिल्टर: कागदीच ठेवला, नवा टाकला. हिंजवडीच्या बांधकामांची धूळ रोज खाणाऱ्या गाडीला जास्त हवा सोडणारा फिल्टर मला नको.

७ डिसेंबर

चेनचं माप २७२ ओलांडून गेलं. हे येणारच होतं.

आज चेन स्लायडरही नीट बघितला. पुढच्या बाजूला, जिथे चेन स्प्रॉकेटकडे वळते, तिथे नवी खाच पडायला लागलीय. १४ दात्यांचं चाक लहान, त्यामुळे चेन जास्त तीव्र वळते आणि स्विंगआर्मच्या जास्त जवळून जाते. प्रत्येक कडीला जास्त वाकावं लागतं, झीज वाढते. थोड्या दिवसांच्या ट्रायलला हे ठीक, कायमचं ठेवायला नाही.

तोच रेशो दुसऱ्या वाटेने मिळतो: पुढे मूळ १५, मागे ४८. १४:४५ म्हणजे ३.२१, १५:४८ म्हणजे ३.२०. चालवताना फरक कळणार नाही. चेनला दोन कड्या वाढवल्या की अॅक्सलही जवळपास आत्ता आहे त्याच जागी येतो, म्हणजे व्हीलबेस तोच, गाडीचा स्वभाव तोच. खर्च जास्त आहे, पण चेन तर घ्यायचीच होती. मागचं स्प्रॉकेट स्टीलचं घेतोय. अॅल्युमिनियमचं हलकं असतं, पण चिखल-पावसात आणि रोजच्या वापरात ते टिकत नाही.

२१ डिसेंबर

वेळ वाया गेला. ४८चं जे स्प्रॉकेट आलं त्याचं मधलं भोक मोठं, बोल्टची भोकंही जुळत नाहीत. खोक्यावर नाव आमच्याच गाडीचं, आतला माल दुसऱ्याच मॉडेलचा. परत पाठवायचं, पैसे यायची वाट बघायची, पुन्हा मागवायचं, यात वर्ष संपणार. मागवण्याआधी विक्रेत्याकडून मधल्या भोकाचा व्यास आणि बोल्टच्या वर्तुळाचा व्यास मिमीमध्ये मागून घ्या. ‘ड्यूकचं आहे’ एवढ्यावर थांबू नका.

११ जानेवारी २०२५

बरोबर माल आला. स्प्रॉकेट २,९५०, डीआयडी कंपनीची ५२० एक्स-रिंग चेन ७,९००, रिव्हेटचं हत्यार (पिनचं टोक फुलवून चेनची कडी कायमची जोडायचं) २,४००. पुढे १५चं नवं, ८५०.

४८चं स्प्रॉकेट मोठं असल्याने आधी चेन न चढवता चाक बसवून फिरवून बघितलं. चेनगार्डच्या आतल्या कडेला करंगळी जाईल एवढी जागा राहते. पुरेशी आहे.

चेन कापण्याआधी जुन्या चेनच्या कड्या मोजून दोन वाढवल्या, मग नवी चेन स्प्रॉकेटांवर गुंडाळून पुन्हा खात्री केली. जोडणीची कडी रिव्हेटची घेतली, क्लिपची नाही. पिनांना पाकिटातलं ग्रीस भरपूर लावायचं, चारही एक्स-रिंगा जागेवर आहेत ना बघायचं, बाजूची पट्टी शेजारच्या पट्ट्यांएवढीच दाबायची. जास्त दाबली तर ती कडी आखडते. मग पिनचं टोक फुलवायचं. डीआयडीने या चेनसाठी ५.५ ते ५.८ मिमी दिलंय. अर्धा फेरा दाबायचा, व्हर्नियर लावायचा, पुन्हा थोडं दाबायचं. माझं एक ५.६ आणि दुसरं ५.६५वर थांबलं. टोकाला तडा नाही ना हे मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं. शेवटी ती कडी हाताने वाकवून पाहिली, इतरांइतकीच सहज वाकते.

दुपारी जेवायला उशीर झाला, पण हे काम घाईत करायचं नाही. चेन तुटली तर ती मागच्या चाकात अडकते किंवा इंजिनाचं केसिंग फोडते.

२ फेब्रुवारी

पुन्हा पसरणी. घाटात गाडी नोव्हेंबरसारखीच चालते, हायवेवर मात्र थोडी अधिक शांत वाटते. आरपीएम तेच आहेत, पण चेनची गुणगुण कमी झालीय. नव्या चेनचा गुण किती आणि १५ दात्यांचा किती हे वेगळं करता येत नाही, दोन्ही एकदम बदलावे लागले.

मायलेज स्टॉक असताना मिश्र वापरात २७च्या आसपास होतं, आता २५-२६. १३.४ लिटरच्या टाकीला ते सोसतं.

पहिल्या ५०० किमीनंतर नवी चेन थोडी ताणली गेली, ढिलेपणा १० मिमी झाला होता. ताठ जागा शोधून ६वर आणला. मागच्या स्प्रॉकेटचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासले, हलले नाहीत. बजेटमधले उरलेले पैसे टायरसाठी ठेवलेत. मागचा मेट्झेलर रोजच्या सरळ रस्त्याने मधोमध सपाट झालाय, आणि आता वळणात कलताना त्या सपाट भागाची कड जाणवते. पावसाळ्याआधी त्याच मापाचे दोन्ही टायर बदलणार. मोठ्या मापाचा मागचा टायर लावणार नाही. घेर वाढला तर आत्ता मिळवलेल्या रेशोतला काही भाग परत जाईल, आणि रुंद टायर या रिमवर आकार बदलून बसेल.

१४ दात्यांचं ट्रायलचं स्प्रॉकेट डब्यात आहे. दाते थोडे झिजलेत, प्रयोगाला अजून चालेल. पुण्यात कुणाला आपल्या ३९०वर महिनाभर हे रेशो वापरून बघायचं असेल तर घेऊन जा. नेताना स्लायडर आधी तपासून या.